हातभर

"घोडा हाय का घोडी?" आकाराममामांनी टांगेवाल्याला विचारलं.

"का वो पावणं, सोयरीक आणलीया का?" टांगेवाला बसल्या जागेवरून म्हणाला.

"शेपटीचं धा-बारा केस पायजेत. घोडीचं चालत न्हाईत. घोडीची शेपटी मुतानं भिजती, केस आतनं कुजतोय. वरनं बघून कळत न्हाई."

टांगा समोरच्या घरी पाहुणे सोडून रिकामा झाला होता, आणि मी अरुणाला कडेवर घेऊन खिडकीत उभी होते. घोड्याच्या मागे असं उभं राहू नये, लाथ बसेल, असं मला मामांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्या दिवसांत कुठलीही गोष्ट पाहिली की तिच्यातून काय वाईट होऊ शकेल तेच मला आधी दिसत असे. मामांनी घोड्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि मग शेपटीतले पांढरे केस निवडून एकेक उपटून घेतले. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही. तीस वर्षं बायकांच्या जखमांच्या पट्ट्या सोडवलेला हात होता तो. दुखू न देता ओढायचं त्याला ठाऊक होतं.

आम्ही तेव्हा कोल्हापुरात रंकाळवेशीजवळ दोन खोल्यांत राहत होतो. हे हायस्कुलात शिकवत. मी राजाराम कॉलेजातून बी. ए. झाले होते आणि घरी होते. पलीकडच्या दोन खोल्यांत आकाराममामा आणि त्यांच्या पत्नी तानाबाई. मामा एका डॉक्टरांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ऑपरेशनची हत्यारं उकळायची, पट्ट्या करायच्या, टाक्यांचे धागे निवडून भिजत घालायचे, ही त्यांची कामं. अरुणा माझं पोट फाडून बाहेर काढली ती त्याच दवाखान्यात. आठव्या दिवशी डॉक्टरांनी टाके काढले तेव्हा तबक धरून मामाच उभे होते. त्यामुळे सख्ख्या नातेवाइकानंही पाहू नये असं माझं सगळं त्यांनी पाहिलेलं होतं, आणि तरी मला त्यांच्यासमोर कधी अवघडल्यासारखं झालं नाही.

रविवारी मामा रंकाळा तलावावर जात. मासे धरायला.

त्या घरातून तानाबाई अरुणासाठी काहीबाही पाठवत. मऊ भात, कधी रव्याची पातळ सोजी. मी ते आमच्या भांड्यात ओतून घेई आणि त्यांचं भांडं तसंच परत करी. तानाबाईंना त्याचं कारण कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. दोघीही त्यावर कधी बोललो नाही.

मासे धरण्यातलं मला काही समजत नव्हतं. बांबूची काठी, तिला मेण चोळलेली सुती दोरी आणि दोरीच्या टोकाला गळ, एवढंच असेल असं वाटे. पण दोरी थेट गळाला बांधत नाहीत. मध्ये हातभर लांबीचा, पाण्यात दिसू नये असा बारीक तुकडा असतो. साहेबलोकांत त्याला काही वेगळं नाव असेल, मामा त्याला 'हातभर'च म्हणत. आणि रविवार कसा जाणार ते या हातभरावर ठरायचं. मरळीला दात असतात, म्हणून मरळीसाठी सतारीची जुनी तार. खवल्याचा मासा लाजरा, तार दिसली की तो फिरकत नाही. त्याला घोड्याचा केस, तीन पदरी पीळ दिलेला. मामा उंबऱ्यावर बसून पीळ घालत. त्याआधी प्रत्येक केसाचं एक टोक दातात धरून दुसरं बोटाला गुंडाळत आणि हळू ओढत, मान वाकडी करून, जणू केस काही सांगतोय ते ऐकावं तसे. पाचांतला एखादाच पसंत पडे.

मी एकदा विचारलं, दोरी एवढी जाड आणि हा तुकडा इतका नाजूक का? मोठा मासा लागला तर तुटेल की.

"तुटायलाच पायजे," मामा म्हणाले. "ह्यो दोरीपेक्षा कमीच ताकतीचा घ्याचा असतोय, बाई. मासा आपल्यापरास मोठा निघाला तर हातभर जावं, दोरी ऱ्हावी. दोरीच तुटली तर मासा ती शेपटागत वडत फिरतोय, आन् गवतात अडकून मरतोय. न्हाई आपल्याला, न्हाई त्येला."

केस तुटले तरी मामांकडे केस भरपूर होते, कोल्हापुरात घोड्यांना तोटा नव्हता. पण एक गोष्ट मला खटकत असे. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक पितळी वाटी पाण्यानं भरून ठेवलेली दिसे, आणि त्या पाण्यात एक धागा. तो केसासारखा पांढरा नव्हता. काचेसारखा पारदर्शक, फिकट पिवळसर. रविवारी सकाळी मामा केसाचं हातभर बांधून रंकाळ्यावर जात. वाटीतला धागा ते बाहेर काढत, दोन बोटांतून फिरवत, फडक्यात गुंडाळत आणि डबीत ठेवून देत. पुढच्या शनिवारी पुन्हा वाटी. वापरायचा नाही तर भिजत कशाला घालायचा? मला विचारायचं होतं. पण का कुणास ठाऊक, विचारलं नाही.

ते मला १९५१ च्या पावसाळ्यानंतर कळलं. अरुणा दीड वर्षाची झाली होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते.

दत्तोपंत म्हणून ह्यांच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. त्यांनाही मासे धरण्याचा नाद. फक्त धरायचे, खायचे नाहीत. धरलेले सगळे मामांच्या पिशवीत जात. त्यांच्याकडे मुंबईहून आणलेली चकचकीत काठी होती, तिला दोरी गुंडाळायचं चक्र होतं. मामा त्याला "मास्तरांचा रहाट" म्हणत. सतारीच्या तुटक्या ताराही मामांना त्यांच्याकडूनच मिळत. एका रविवारी आम्ही सगळे रंकाळ्यावर गेलो. संध्यामठाच्या बाजूच्या पायऱ्यांवर मामा आणि दत्तोपंत शेजारी शेजारी बसले होते. हे वर्तमानपत्र वाचत होते आणि मी अरुणाचा फ्रॉक मुठीत धरून चार पायऱ्या वर बसले होते. पाण्यापासून चार पायऱ्या. मी मोजूनच बसले होते.

दत्तोपंतांनी पाकिटातून एक धागा काढून आम्हांला दाखवला. स्पेनचा माल, म्हणाले. ही आतड्याची तात नव्हे, रेशीम. रेशमाचा किडा कोश विणायच्या बेतात आला की त्याच क्षणी त्याला शिरक्यात बुडवतात. मग पोट फोडून आतली रेशमाची पिशवी दोन्ही हातांनी ओढायची. जो कोश त्यानं अंगाभोवती विणला असता, त्याचा हा एक धागा. पाण्यात दिसतच नाही. मात्र आधी भिजवायला हवा, कोरडा बांधला तर गाठीशी मोडतो.

मी तो हातात घेतला आणि ओळखला. माझ्या पोटातून आठव्या दिवशी निघाले होते ते हेच धागे. मामांच्या तबकात पडताना मी ते पाहिले होते. आणि शनिवारच्या वाटीतलाही हाच.

"मामा," दत्तोपंत म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात तर याच्या जुड्या पडलेल्या असतात. आणि तुम्ही टांग्यांच्या मागे केस मागत फिरता. लोक हसतात की तुम्हाला."

मामा पिठाची गोळी गळाला लावत होते, ती लावायची राहिली. त्यांनी दोरी गुंडाळली, काठी खांद्यावर घेतली आणि ऊन झालंय म्हणून निघून गेले. ऊन झालं नव्हतं.

मला तानाबाईंनी सांगितलं. दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघी दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी रविवारची हकिगत सांगितली आणि वाटीचं विचारलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. सांगत असताना त्यांचा आवाजही बदलला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं त्या सांगत गेल्या.

त्यांना एकच मुलगी होती, विमल. कोडोलीला दिली होती. लढाई चालू होती त्या वर्षांतली गोष्ट. विमल बाळंतपणाला माहेरी आली. तिला डोहाळे लागले माशाचे. बाजारचा नको, बाबानं रंकाळ्यात धरलेलाच हवा. संध्यामठापाशी एक मोठा खवल्याचा मासा दिसत होता आणि मामांचा केस त्यानं दोनदा तोडून नेला होता. लढाईमुळे स्पेनचा माल येईना. दवाखान्यात जुन्या जुड्या पुरवून वापरत होते. धागे निवडायचे मामांनी. गोल आणि स्वच्छ निघेल तो डॉक्टरांना. चपटा किंवा खरबरीत निघेल तो टाकाऊ. तसले मामा डॉक्टरांना विचारून गळासाठी घरी आणत. त्या शनिवारी त्यांनी एक गोल धागा आणला. एकच. न विचारता.

रविवारी मासा आला. तानाबाईंनी दोन्ही हात पसरून मला दाखवलं, केवढा. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"पोरगी बोटं चाटत हुती," त्या म्हणाल्या. "सकाळचं खाल्लं, सांजंला पुन्हा खाल्लं. बापाकडं बगून हसत हुती."

बुधवारी विमलला कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. ऑपरेशन करावं लागलं. डब्यात गोल धागे आठच होते. डॉक्टरांनी नववा मागितला. मामांनी चपटा दिला. घरी धावत जाऊन यायला वेळ नव्हता आणि सांगायला तोंड नव्हतं. सातव्या दिवशी विमलला ताप भरला आणि आठव्या दिवशी जखम उघडली. ज्या जागी नववा टाका होता, त्याच जागी.

नात जगली. बापाकडे कोडोलीला असते, इकडे येत नाही.

"डाक्टरांनी धा येळा सांगितलं, रक्तात इख भिनलं हुतं, लोखंडाची तार घातली असती तरी हेच झालं असतं म्हून," तानाबाई म्हणाल्या. "पर ह्यास्नी पटंल तर. त्यो मासा धरल्याला धागा त्येनी ठेवलाय. वाळला तर काचेगत मोडंल, म्हून भिजवत्यात. मी काय बोलत न्हाई. आपलंच माणूस, काय बोलायचं?"

मी घरात आले आणि अरुणाला छातीशी धरून बसले. कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला शिकले होते, की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून ती पहिलीमुळेच घडली असं नव्हे. डॉक्टर म्हणाले तेच खरं असणार, हे डोक्याला पटत होतं. पोटाला पटत नव्हतं. पोटावर अरुणाच्या वेळची शिवण होती, वीतभर, आणि तिच्याखाली दुसरं मूल वाढत होतं. ती पुन्हा उघडणार होती. पुन्हा त्याच दवाखान्यात, पुन्हा त्याच बोटांनी निवडलेल्या धाग्यांनी शिवली जाणार होती. जाता-येता माझा हात तिथे जाई.

ह्यांना मी म्हटलं, या वेळी मिरजेला जाऊ. ह्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. ती गोष्ट माझ्या तोंडून दुसऱ्या कुणापुढे गेली असती तर मामांना मी पुन्हा त्या टेबलाशी उभं केल्यासारखं झालं असतं. पण मामांच्या बोटांकडे मी आता निराळ्या नजरेनं पाहू लागले होते. ती थरथरतात का? चष्मा बदलायला झालाय का? ते उंबऱ्यावर बसून केस ताणून पाहत आणि मी खिडकीतून त्यांना पाही. माझी मलाच लाज वाटे, तरी पाही.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी अरुणाला घेऊन त्यांच्या दारात गेले. सातवा महिना संपत आला होता. मामा गळ बुचाच्या तुकड्यात टोचून ठेवत होते. मी एकदा म्हटल्यापासून ते गळ अरुणाचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर टांगत. काय बोलायचं ते मी ठरवून आले होते. डोळे तपासून घ्या, असं काहीतरी. पण माझ्याकडे पाहताच त्यांना समजलं, तानाबाईंनी मला सांगितलंय.

"बाई," ते म्हणाले, "तुमी मिरजंला जावा. तितं मोठा दवाखाना हाय."

मी हेच ठरवत होते. पण ते त्यांच्या तोंडून आलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"तिकडे धागा कोण निवडतं?" मी विचारलं.

"मला न्हाई ठावं."

"जो कुणी निवडत असेल तो रात्री सुखानं झोपत असेल, मामा. मला तुम्हीच बरे."

 अरुणानं त्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहायचा खेळ सुरू केला. त्यांनी तिला उचलून घेतलं नाही, फक्त ती पडली तर असावा म्हणून एक हात तिच्या पाठीमागे, न टेकवता, धरून ठेवला.

माघात माझे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत काही होईना. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा म्हणाले, घेऊ या आत. मला ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर निजवलं होतं. दार अर्धं उघडं होतं. आत खिडकीपाशी मामा उभे होते. हातात धाग्यांची जुडी. एकेक धागा ते चिमटीतून टोकापासून टोकापर्यंत फिरवत, खिडकीच्या उजेडासमोर धरत, उलटा फिरवून पुन्हा धरत. दोन-तीन बाजूला टाकत तेव्हा एक ठेवत. ठेवलेले सगळे अजून उकळायचे होते. नर्स म्हणाली, मामा, अख्खा डबा रिकामा करणार काय आज? ते म्हणाले, व्हय.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.  एक धागा उजेडात उचलून त्यांनी तो मला दिसेल असा धरला. गोल, स्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखा. मी मान हलवली. नंतर तोंडावर औषधाचा फडका आला.

मुलगा झाला होता. नाळेचा फास गळ्याभोवती होता. तो रडलाच नाही.

हे मला शुद्धीवर आल्यावर ह्यांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते माझी चादर नीट करत राहिले, नीट असलेलीच. मी त्याला पाहिलं नाही. सगळे म्हणाले, न पाहिलेलं बरं. त्या संध्याकाळी हे आणि मामा त्याला पंचगंगेकडे घेऊन गेले. जाताना ह्यांनी धरलं होतं, पण खड्ड्यात मामांनी ठेवलं. ह्यांना वाकता येईना. वरची माती मामांनी फावडं न वापरता हातानं सारखी केली. एवढंच ह्यांनी मला सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी.

दवाखान्यातला एकेक दिवस मी तापाची वाट पाहण्यात काढला. पाचवा, सहावा. सातव्या दिवशी मामा सकाळपासून माझ्या खाटेच्या आसपास होते. औषधाची बाटली न्यायची, आणायची, खिडकी लावायची, उघडायची. आठव्या दिवशी तर ते जेवायलाही घरी गेले नाहीत. मी जगते की नाही याची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. मला त्या आठवड्यात जगण्यामरण्याचं काही वाटत नव्हतं. दूध आलं होतं आणि ते कुणासाठी आलंय हे माझ्या अंगाला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी टाके काढले. मामांनी तबक धरलं. डॉक्टर कातरीनं एकेक कापून ओढत होते आणि मामांचे ओठ हलत होते. नऊ निघाले. नऊही सारखे, गोल. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा मामांनी खाली वाकून शिवण पाहिली. एका जागी बोट नेलं, टेकवलं नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला रडू आलं ते शिवणीसाठी नव्हतं आणि त्यांना ते समजलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "धागा धरला. दुसरं मला काय धरता आलं न्हाई."

मग पट्टी बांधली आणि तबक घेऊन गेले.

मी घरी आले तेव्हा फाल्गुन लागला होता. अरुणानं दोन दिवस मला हात लावू दिला नाही. तानाबाईंच्या मागे मागे फिरली. शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर वाटी दिसली. रविवारी सकाळी मी खिडकीत बसले होते. मामांनी वाटीतून धागा काढला, दोन बोटांतून फिरवला. आता फडकं येईल, डबी येईल, म्हणून मी पाहत होते. त्यांनी खुंटीवरचं बूच काढलं, एक गळ सोडवला आणि उंबऱ्यावर बसून तो धागा गळाला बांधला. दुसरं टोक दोरीला. गाठ थुंकीनं ओली करून आवळली. तानाबाई अंगण झाडत होत्या. त्यांचा खराटा जागच्या जागी थांबला.  मामा काठी खांद्यावर टाकून निघाले, आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत खराटा पुन्हा चालू झाला नाही.

दुपारी ते परत आले. पिशवी रिकामी होती. दोरी काठीला व्यवस्थित गुंडाळलेली, टोकाशी काही नाही.

"काय झालं?" तानाबाईंनी विचारलं.

"मोठा हुता," मामा म्हणाले. "हातभर गेलं. दोरी ऱ्हायली."

त्यांनी पायांवर पाणी घेतलं आणि आत गेले. खिडकीच्या अलीकडे मी बसले होते. माझा हात पोटावर होता. तो मी तिथेच ठेवला.

दत्तोपंत त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी नंतर ह्यांना सांगितलं, की मासा तसा काही मोठा नव्हता. दोरी जरा सैल सोडली असती तर दमून आला असता. मामांनी काठी घट्ट धरून ठेवली, आणि इतकी वर्षं रंकाळ्यावर बसलेला माणूस ही चूक करत नाही. शिवाय तो धागा जुना, कधीचाच कुजला असणार, हे न कळण्याइतके मामा खुळे नाहीत. हे दत्तोपंतांना म्हणाले, असेल काहीतरी. ह्यांना मी अजूनही काही सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी कट्ट्यावर वाटी नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही.

मंगळवारी तानाबाईंनी अरुणासाठी सोजी पाठवली. वाटी मी लांबूनच ओळखली. मी आमचं भांडं आणायला उठत होते, तेवढ्यात अरुणानं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाला लावली. वाटीच्या आत, काठापासून बोटभर खाली, पितळेवर एक फिकट रेघ होती. दर शनिवारी जिथवर पाणी असे तिथवर. सोजी त्या रेघेला लागलेली होती.

मी खाली बसले आणि तिच्या हातातून वाटी पडू नये म्हणून तळाशी हात धरला. ती पीत होती. सोजी रेघेखाली गेली, आणखी खाली गेली, आणि मी हात तसाच धरून राहिले.